गणित न येणाऱ्या मेश्राम मॅडम

मेश्राम मॅडमना गणित येत नव्हतं. ही गोष्ट कुणाला शोधून काढावी लागली नाही, त्या स्वतःच सांगत फिरायच्या. प्राचार्य म्हणून आमच्या शाळेत रुजू झाल्या त्या पहिल्याच सकाळी, प्रार्थना संपल्यावर, त्यांनी माईक हातात घेतला आणि दहावीच्या रांगेला हिंदीत विचारलं, सगळ्यात अवघड विषय कोणता? पोरं एका सुरात ओरडली, "गणित!" रांगेच्या मागच्या टोकाला हेमलता नावाची एक उंच मुलगी उभी होती. ती छत्तीसगढीत म्हणाली, "गणित नइ आवय, मॅडम." मॅडम माईक तोंडाशी धरून तितक्याच सहज म्हणाल्या, "मोला घलो नइ आवय." मलाही येत नाही.

सगळं मैदान हसलं. शिक्षकांच्या रांगेत मात्र कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी गणिताचे चंद्राकर सर उभे होते. ते पुढे बघतच हळू म्हणाले, "लीजिए, अब प्रिंसिपल भी फेल."

सरांचं तसं म्हणणं मला तेव्हा फारसं खटकलं नाही. आमची शाळा म्हणजे सुपेल्याच्या बाजारामागची सरकारी हिंदी शाळा. भिलाईत चांगल्या शाळांना तोटा नाही. टाउनशिपमधल्या शाळांचे निकाल लागले की चौकाचौकात पोरांच्या फोटोंचे फ्लेक्स लागतात. आमच्या पोरांचा फ्लेक्स मी कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे यायची ती ठेकेदाराच्या हाताखाली रोजीवर स्टील प्लांटमध्ये जाणाऱ्यांची, भाजी विकणाऱ्यांची, वेल्डिंगच्या दुकानात काम करणाऱ्यांची लेकरं. दहावीत निम्म्याहून जास्त नापास होत. वरून हुकूम आला होता की दोन वर्षांत निकाल सुधारला नाही तर नववी-दहावीचे वर्ग बंद करून हायवेपलीकडच्या शाळेत मिळवून टाकू. मुलींच्या आयांनी आधीच सांगून ठेवलं होतं, हायवे ओलांडून पोरीला पाठवणार नाही. म्हणजे वर्ग गेले की आमच्या बऱ्याचशा मुलींची शाळा आठवीतच संपणार होती.

अशा वेळी आम्हाला कुणीतरी कडक, उंचापुरा, आवाजात जरब असलेला माणूस हवा होता. आल्या त्या मेश्राम मॅडम. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, कॉटनची साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. इतिहास शिकवण्यात उमर गेलेली. मोपेडवर बसल्या की मागून फक्त हेल्मेट आणि साडीचा पदर दिसायचा.

त्या टाउनशिपच्या सेक्टर सहात वाढलेल्या. वडील भंडारा जिल्ह्यातून येऊन प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्ट्यांवर, लागले होते. त्यांच्या घरी बुद्धवंदना, आमच्या घरी गोंदियाकडच्या शेतकऱ्यांचं देवघर, पण बोली एकच. त्यामुळे ऑफिसचं दार बंद झालं की आम्हा दोघींची मराठी सुरू व्हायची. दार उघडलं की हिंदी. लोकांसमोर मी "बिसेन मॅडम" असे, दाराआड "शोभा."

ऑफिसात त्या फार बसल्याच नाहीत म्हणा. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी आपली खुर्ची आणि एक छोटं टेबल उचलून दहावीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवलं. सह्या तिथं, फोन तिथं, पालकांशी भांडणं तिथं. ऊन आलं की खुर्ची सरकायची, ऊन गेलं की परत. मी म्हटलं, "मॅडम, ऑफिसात कूलर हाय, तुम्ही इथं कावून बसून राहिल्या?"

"तिथं मले काईच आयकू येत नाही," त्या म्हणाल्या. "इथं कोणत्या वर्गात शांत हाय, कोणत्या वर्गात मास्तर नाही, सारं कानावर येते."

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. बड्या साहेबांचं नाव त्या हमखास चुकीचं घेत आणि मग आम्ही मागून खोकायचो. पण पोरांच्या आयांची नावं त्यांना सगळी पाठ. पोराला हाक मारायची तर आईच्या नावानं. "ए फुलबाईच्या, शर्ट आत घाल!" "सुकवारोची पोरगी कुठं गेली?" सुरुवातीला पोरांना लाज वाटायची, मग त्यातच गंमत वाटू लागली. एखाद्या दिवशी मॅडमनी नुसत्या नावानं हाक मारली तर पोरं घाबरत, काहीतरी बिनसलंय म्हणून.

आणि त्यांचा स्टीलचा डबा. त्यात सांबारवडी असायची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्याच कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी. डबा उघडून त्या कुणापुढेही धरत आणि वडी अर्धी तोंडात गेली की काम सांगत. तोंड भरलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. रविवारचे जादा वर्ग मी असेच घ्यायला लागले. क्रीडाशिक्षकांनी पोरांना सकाळी घरोघरी जाऊन उठवायचं काम असंच अंगावर घेतलं. एकटे चंद्राकर सर डब्याला हात लावत नसत. "मुझे एसिडिटी है," ते म्हणायचे आणि चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायचे.

चंद्राकर सरांबद्दल सांगायला हवं. कधीकाळी त्यांच्या शिकवण्याची सुपेल्यात ख्याती होती. पण वर्षानुवर्षं पोरं नापास होताना बघून त्यांच्यातला दिवा विझला होता. दहावीच्या तासाला ते फळ्यावर एक उदाहरण लिहीत, "करो" म्हणत आणि स्टाफरूममध्ये येऊन चहा पीत. "इनसे नहीं होगा," हे त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. मागच्या प्राचार्यांनी त्यांना नोटिसा दिल्या होत्या. सरांनी त्या घडी करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातल्या होत्या.

मॅडमनी नोटीस दिली नाही. त्यांनी काय केलं, तर सर चहाला बसले की त्या उठून वर्गात जाऊन स्वतः गणित शिकवायला लागल्या. दहावीचा वर्ग आणि स्टाफरूम यांच्यामध्ये एकच भिंत, वर उघडा झरोका. मॅडमचा आवाज खणखणीत. पहिल्या दिवशी आम्हाला ऐकू आलं, "त्रिभुज के तीनों कोण मिलाकर तीन सौ साठ!" चंद्राकर सरांचा कप ओठांपाशी थांबला. मग त्यांनी घोट घेतला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्तुळाचं क्षेत्रफळ काढताना त्रिज्येचा वर्गच केला नाही. सरांनी खिडकी लावून घेतली. पण झरोका कसा लावणार? तिसऱ्या दिवशी मॅडम समीकरण सोडवत होत्या आणि एक वजाचं चिन्ह बरोबरच्या पलीकडे जाताना हरवलं. त्या पुढे जात राहिल्या, मोठ्यानं वाचत, आत्मविश्वासानं, आणि चूक प्रत्येक ओळीला मोठी होत गेली.

चंद्राकर सर उठले. कप हातात तसाच. ते धाडकन वर्गात शिरले तेव्हा आम्ही सगळे मागोमाग दाराशी.

"मॅडम! माइनस कहाँ गया?"

"कौन सा माइनस?"

"अरे यहाँ था! ऊपर की लाइन में!"

"अच्छा?" मॅडमनी चष्मा वर केला. "तो अब क्या होगा, सर?"

सरांनी कप खिडकीत ठेवला, त्यांच्या हातातून खडू घेतला आणि अख्खा फळा पुसून टाकला. मॅडम पहिल्या बाकावर हेमलताशेजारी जाऊन बसल्या आणि वही उघडून लिहायला लागल्या. दुसऱ्या दिवशीही येऊन बसल्या. तिसऱ्याही. त्यांना खरंच समजत नसे, त्यामुळे त्या बिनधास्त हात वर करून म्हणत, "सर, एक बार और." सर चिडत, पण प्राचार्यांना "इनसे नहीं होगा" कसं म्हणणार? ते पुन्हा समजावत. आणि मॅडमना समजेपर्यंत समजावलेलं मागच्या बाकापर्यंत पोचायचं. जी पोरं प्रश्न विचारायला लाजायची ती आता मॅडमना कोपरानं ढोसत, "मॅडम, आप पूछो ना." मग मॅडमचा हात वर.

मी एकदा दाराआड विचारलंच. "मॅडम, तुम्ही त्या दिवशी मुद्दाम चुकत होत्या ना?"

त्या वडीचा डबा माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "कोणता मायनस वं?"

पण शिकवण्यानंच निकाल लागत असता तर गोष्ट सोपी होती. आमच्या निकालाला एक दुसरी बाजू होती. परीक्षेच्या दिवसांत कुणाचा भाऊ, कुणाचा मामा मागच्या भिंतीवर चढायचा, खिडकीतून चिठ्ठ्या यायच्या, आणि शाळेतली मोठी माणसं त्या वेळी नेमकी दुसरीकडे बघायची. जे निम्म्याच्या आत पास होत होते त्यांतलेही बरेच या भिंतीच्या कृपेनं. मॅडमनी सहामाहीलाच सांगून टाकलं, भिंतीवर कुणी दिसला तर मी स्वतः चढून खाली उतरवीन. कुणाचा विश्वास बसला नाही. पहिल्याच पेपरला एक जण चढला. मॅडम खरंच बाक लावून, साडीचा काष्टा खोचून भिंतीवर चढल्या आणि त्याच्या शेजारी पाय खाली सोडून बसल्या. "बैठो बेटा," त्या म्हणाल्या, "दोनों मिलके देखते हैं कौन क्या लिख रहा है." तो पोरगा इतका घाबरला की पलीकडे उडी मारून चप्पल इकडेच टाकून पळाला. मग मॅडमना उतरवायला आम्हा चौघींना हात द्यावा लागला, कारण चढताना जोर होता तसा उतरताना राहिला नव्हता.

बोर्डाच्या परीक्षेलाही भिंत रिकामी राहिली. आणि निकाल लागला, तो शाळेचा आजवरचा सगळ्यात वाईट निकाल.

उन्हाळ्याची सुट्टी होती. निकाल मोबाईलवर आला, तरी आम्ही सगळे आपोआप शाळेत जमलो, घरात बसवेना म्हणून. बाहेर ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. मॅडम आल्या त्या हातात मिठाईचा खोका घेऊन. सुपेल्यातून पेढे आणले होते. त्यांनी खोका उघडून एकेकापुढे धरला. कुणी हात पुढे करेना.

चंद्राकर सर म्हणाले, "मॅडम, मातम में मिठाई?"

"मातम कैसा?" मॅडम म्हणाल्या. "पिछले साल जो पास हुए, वो किसके पढ़ाए हुए थे? दीवार के. इस साल जितने भी हैं, आपके हैं, सर. आपका माइनस लिख के पास हुए हैं. पहली बार अपना रिज़ल्ट आया है. लीजिए."

सरांनी पेढा उचलला. एसिडिटीचं काही बोलले नाहीत.

सगळे गेल्यावर मी ऑफिसात डोकावले. मॅडम त्या दिवशी चक्क ऑफिसात, कूलरसमोर बसल्या होत्या. चष्मा टेबलावर. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला, एकदम लहान मुलीसारखा वाटला.

"शोभा, दार लाव," त्या म्हणाल्या. मी लावलं. "मले भेव वाटून राहिलं. म्या काई चुकीचं तर नाही केलं ना? एक साल राहिलं फक्त. पोरींचं काय होईन वं?"

मी माठातलं पाणी आणून दिलं. त्या सगळं प्यायल्या, चष्मा घातला आणि म्हणाल्या, "चल. जे फेल झाले त्यायच्या घरी जाऊन येऊ. पूरक परीक्षेचे फॉर्म सुटीतच भरा लागते."

"आता? या उन्हात?"

"उन्हात सारे घरीच भेटतात."

जिल्ह्याच्या बैठकीत त्यांना त्या निकालावरून सगळ्यांसमोर उभं केलं गेलं. हे आम्हाला कळलं ते त्यांच्याकडूनच, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये साहेबांची नक्कल करून दाखवली, टेबलावर पेन आपटण्यासकट. आम्ही पोट धरून हसलो. पण साहेबांना त्या काय म्हणाल्या ते विचारलं तेव्हा एवढंच बोलल्या, "म्हटलं, एक साल और दे दीजिए, सर. मंग बसली खाली."

त्या सुट्टीत मी त्यांच्या मोपेडमागे बसून सुपेला, कॅम्प, रिसालीपर्यंतच्या वस्त्या पालथ्या घातल्या. बरीच पोरं भेटली, बऱ्याच आया पटल्या. हेमलता मात्र घरी नव्हती. पहिल्या दिवशी "गणित नइ आवय" म्हणणारी तीच हेमलता. ती गणितातच गेली होती, अगदी थोडक्यात, आणि आता बाजारात लक्ष्मी अक्काच्या दुकानात साड्यांना फॉल-पिको करायला बसत होती. अक्का तेलुगू बाई, प्लांटमधून नवऱ्याला लवकर रिटायर व्हावं लागल्यावर तिनं हे दुकान उभं केलेलं. तिला हेमलतासारखी सरळ शिलाईची पोरगी मिळाली होती, तिला सोडायला अक्का तयार नव्हती. "लगन का सीज़न है, मॅडम," ती म्हणाली. "लड़की जाएगी तो काम कौन करेगा? फेल तो हो गई. अब क्या?"

मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एक साडी घेऊन गेल्या, फॉल लावायला. साडी होईपर्यंत स्टुलावर बसून राहिल्या आणि हेमलताच्या मशीनशेजारी गणिताचं पुस्तक उघडलं. एक दिवस सोडून दुसरी साडी. त्यांना स्वतःला धडा येत नव्हता, तेव्हा आदल्या दिवशी चंद्राकर सरांकडून शिकून यायच्या आणि दुसऱ्या दिवशी मशीनच्या खडखडाटात हेमलताला सांगायच्या. कपड्यावर खुणा करायच्या खडूनं हेमलता काळ्या अस्तराच्या तुकड्यावर उदाहरणं सोडवायची. दोघी अडल्या की मॅडम सरांना फोन लावून स्पीकर चालू करायच्या. दुकानात आलेल्या बायका ब्लाउजचं माप देता देता समीकरणं ऐकायच्या.

मॅडमच्या साड्या संपल्या. मग माझ्या गेल्या. मग स्टाफमधल्या सगळ्यांच्या. इंग्रजीच्या मॅडमनी सासूबाईंच्या दोन दिल्या. एके दिवशी चंद्राकर सर स्वतःच दुकानात हजर, हातात एक शर्ट. म्हणाले, बटन तुटलंय. अक्का म्हणाली, मी लेडीज टेलर आहे. सर म्हणाले, चालेल, आणि स्टूल ओढून बसले. फोनवर समजावणं त्यांना पटत नव्हतं.

शेवटी एक दिवस मी मॅडमबरोबर होते. त्यांनी निळी कॉटनची साडी पुढे केली. अक्कानं ती उलटी करून पाहिली, किनार बोटांखालून फिरवली आणि चष्म्यावरून मॅडमकडे बघितलं.

"मॅडम, इस साड़ी का फॉल तो पिछले हफ्ते मैं ही लगाई."

"निकल गया, अक्का."

"निकला नहीं. निकाला है. ये देखो, कैंची का निशान."

मशीन थांबलं. हेमलतानं मान खाली घातली, तिचे खांदे हसण्यानं हलत होते. मॅडम एकदम शाळेत पकडल्या गेलेल्या पोरासारख्या झाल्या. मग त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि अक्कापुढे धरला. "सांबारवडी खाओ, अक्का."

अक्कानं वडी मोडून आत पाहिलं. "इसमें सांबार कहाँ है?"

कोथिंबीर म्हणजे सांबार, हे समजावता समजावता आम्ही सगळ्याच हसायला लागलो, दुकानातल्या गिऱ्हाइकांसकट. अक्कानं वडी खाल्ली, दुसरी घेतली, आणि निळी साडी घडी करून परत देत म्हणाली, "दोपहर के बाद लड़की को ले जाओ. परीक्षा तक. लेकिन अच्छी साड़ी को कैंची मत लगाना, मॅडम. पाप लगता है."

हेमलता पूरक परीक्षेत सुटली. निकाल मॅडमनी तिला दुकानातच जाऊन सांगितला. अक्का मशीन सोडून उठली आणि मॅडमच्याच गळ्यात पडली, हेमलता बाजूला उभी.

दुसरं वर्ष सुरू झालं तेव्हा स्टाफरूममध्ये चहा प्यायला कुणाला फुरसत नव्हती. चंद्राकर सर शाळा सुटल्यावरही थांबू लागले. आणि हिवाळ्यात मॅडमनी आयांना बोलावलं. पालकसभा म्हणून बोलावलं असतं तर कुणी आलं नसतं. त्यांनी निरोप पाठवला, तुमची लेकरं तुम्हाला शिकवणार आहेत, ऐकायला या. मैदानात ऊन पडलेलं, दऱ्या अंथरलेल्या. प्रत्येक पोरानं आपल्या आईला एक धडा समजावून सांगायचा. कुणी विजेचं सर्किट सांगत होतं, कुणी लोकसभा आणि राज्यसभा. ज्यांच्या आईला कामावरून सुट्टी मिळाली नव्हती त्यांचे बाप आले होते, एक जण तर प्लांटच्या जड बुटांनिशी, शिफ्टवरून थेट. फुलबाई भाजीची टोपली बाजूला ठेवून बसली होती. तिचा पोरगा तिला टक्केवारी सांगत होता आणि ती प्रत्येक वेळी म्हणत होती, "नइ समझेंव. फेर बता." पोरगा घामाघूम. शेवटी त्यानं तिच्याच टोपलीतले टमाटे मांडून दाखवले. तेव्हा ती म्हणाली, "अइसे बोल न पहिली ले!" आधीच असं सांगायचं होतं ना! चंद्राकर सर मागे उभे होते. ते मला म्हणाले, "ये टमाटर वाला तो मैं भी लूँगा."

त्या वर्षीचा निकाल लागला तेव्हाही आम्ही शाळेत जमलो होतो. एकेक नाव मोबाईलवर उघडत होतो आणि दर नावाला आरडाओरडा होत होता. आम्ही काही जिल्ह्यात पहिले आलो नाही. पण बहुतेक सगळे पास झाले होते, आणि गणितात तर एकापेक्षा एक. वर्ग वाचले होते. क्रीडाशिक्षक शिट्टी वाजवत व्हरांड्यात धावत होते. या वेळी पेढे चंद्राकर सरांनी आणले होते, सकाळीच, निकाल लागायच्या आधी. म्हणाले, "कुछ भी आता, बाँटना तो था ही."

ते खोका घेऊन मॅडमना शोधायला गेले. व्हरांड्यातली खुर्ची रिकामी. ऑफिस रिकामं. मोपेड नाही. मी फोन लावला.

"मॅडम, कुठं हाय तुम्ही? इथं सारे तुमची वाट पाहून राहिले!"

मागे कुत्रं भुंकत होतं, कुणाच्या तरी अंगणातला नळ वाहत होता. "शोभा, जे पास झाले त्यायले आज कोणीही भेटीन," त्या म्हणाल्या. "जे राहिले त्यायच्या घरी आज कोणी जाणार नाही. दोन घरं झाली, बाकीची करून येतो. माह्या वाटचा पेढा ठेवजो मात्र."

पेढा ठेवला. त्या संध्याकाळी आल्या तेव्हा त्याला मुंग्या लागल्या होत्या. त्यांनी मुंग्या फुंकून उडवल्या आणि खाल्ला.

पुढे काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात सगळ्यांनी लांबलचक भाषणं केली आणि त्या खुर्चीत चुळबुळत राहिल्या. चंद्राकर सरांची पाळी आली. त्यांनी खिशातून लिहून आणलेला कागद काढला, उघडला, आणि परत घडी करून ठेवला. "इतने साल मेरी क्लास में बैठीं," ते म्हणाले. "मैं मास्टर हूँ, झूठ नहीं बोलूँगा. मॅडम को गणित आज भी नहीं आता." टाळ्या थांबता थांबेनात. सगळ्यात जोरात मॅडमच वाजवत होत्या. सर खाली उतरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायलाही त्यांना सुचलं नाही.

त्यानंतर मॅडम रिसालीच्या आपल्या घरी काही महिने राहिल्या आणि मग लेकीकडे रायपूरला गेल्या. जायच्या आधी एकदा त्या मला दिसल्या, तेच मला नेहमी आठवतं. सकाळची शाळा होती, मी स्कूटीवरून निघाले होते. रिसालीच्या मैदानाभोवती निवृत्त बायकांचा एक घोळका फिरत होता, स्वेटर, कानटोप्या, काठ्या. सगळ्यांच्या पुढे मेश्राम मॅडम, पण उलट्या. म्हणजे तोंड बायकांकडे, पाठ रस्त्याकडे, आणि पाय मागे मागे टाकत चाललेल्या. काहीतरी सांगत होत्या, दोन्ही हात वर करून, मधेच वाकून कुणाची तरी नक्कल करून. मागे पडू नये म्हणून त्या सगळ्या म्हाताऱ्या भराभर पावलं टाकत होत्या. एकीनं काठी काखेत मारली होती आणि ती जवळजवळ पळत होती.

हाक मारावी म्हणून मी स्कूटी हळू केली. मॅडमच्या मागे वाटेत एक दगड होता. मी ओरडणार, तेवढ्यात समोरच्या बायकांनीच एकदम हात केले, "बाजू, बाजू!" त्या न बघताच एक पाऊल बाजूला झाल्या, बोलणं न थांबवता. गोष्टीचा शेवट आला असावा, कारण सगळा घोळका एकाच वेळी हसला. प्लांटच्या चिमण्यांमागून सूर्य नुकताच वर आला होता. आमची घंटा व्हायला आली होती. मी हाक न मारता स्कूटीचा वेग वाढवला, आणि वळणापर्यंत ते हसू मला ऐकू येत राहिलं.